धर्मराजाच्या हातातला कलमा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या 'वायांग'वर, म्हणजे तिथल्या चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळावर लेख वाचला. 'मुस्लिम देशातही आपलं महाभारत जिवंत' असा एकूण सूर. महाभारत आहेच, पण लेखकाने निम्माच खेळ पाहिलेला दिसतो.

मी कुडाळची. पिंगुळीच्या ठाकरांच्या बाहुल्या बघत लहानाची मोठी झाले. तीन वर्षांपूर्वी मुलाकडे जकार्ताला गेले होते, तेव्हा योग्याकार्ताजवळच्या एका गावात लग्नघरी वायांग पाहिला. रात्री नऊला बसलेला दलांग (आपला सूत्रधार) पहाटेच उठला. सगळ्या बाहुल्या, सगळे आवाज एकट्याचे, वर पायाने पत्र्याच्या पट्ट्या वाजवायच्या त्या वेगळ्याच!

शेजारी मुलाच्या मित्राचे वडील होते. नमाज उरकून येऊन बसलेले. त्यांनी विचारलं, "धर्मराजाचं मोठं शस्त्र कोणतं?" मी म्हटलं, भाला. ते हसले. "कलिमसद." तो एक ग्रंथ आहे, आणि जावाचे मुसलमान त्या नावात कलमा-शहादत ऐकतात: अल्लाहखेरीज कुणी उपास्य नाही, मुहंमद त्याचे प्रेषित. (काही अभ्यासक या शब्दाचं मूळ संस्कृत 'कलिमहौषध' मानतात. मानोत बापडे, खेळ बघणाऱ्याला त्याने फरक पडत नाही.)

जावात इस्लाम रुजवणारे नऊ वली (संत) सांगतात, त्यांतले सुनान कलिजागा स्वतः दलांग होते अशी तिथली परंपरा आहे. खेळाचं तिकीट काय, तर कलमा म्हणायचा. त्यांचीच एक कथा त्या रात्री ऐकली. धर्मराजाला मरणच येईना, कारण जवळच्या ग्रंथात काय लिहिलंय ते त्याला ठाऊक नव्हतं. रानात कलिजागा भेटले, त्यांनी ते वाचून दाखवलं. धर्मराजाने कलमा म्हटला आणि शांतपणे डोळे मिटले.

आपल्या फादर स्टीफन्सनी बायबल ओवीत बसवलं, त्याच जातीचं हे काम. लेखात याची एक ओळही नसावी याचं वाईट वाटलं.

जाता जाता, 'धर्मराज' म्हणून छापलेली बाहुली भीमाची आहे. तिच्या अंगठ्याचं लांब नख आणि चौकटीचं वस्त्र पाहा. धर्मराज तिथे बारीक, मान खाली घातलेला आणि अंगावर दागिना नसलेला असतो.

– एक निवृत्त शिक्षिका, कुडाळ