हर्णैची मासळी: जूनमध्ये जाऊ नका, ओली आणू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या सुट्टी पुरवणीत कोकणातल्या हर्णै बंदरावरच्या मासळी लिलावाचं वर्णन सुरेख आलं, पण कधी जावं ते राहून गेलं. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात, म्हणून आपल्याकडची कुटुंबं जूनमध्ये कोकणात निघतात. नेमकी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. मासळीच्या विणीचा काळ, त्यात समुद्र खवळलेला. तेव्हा ‘ताजी’ म्हणून पुढ्यात येते ती बहुतेक बर्फातली जुनी मासळी. दिवाळीनंतर ते एप्रिलपर्यंत जावं.

लिलाव सकाळी आणि दुपारी चारनंतर होतो. बोली ढिगावर लागते, किलोवर नाही. दोन किलो हवी असेल तर त्या गर्दीत न शिरता बाजूला बसलेल्या कोळणींकडून घ्यावी.

आपली नजर तलावाच्या मासळीला सरावलेली. रोहू-कतल्याचा कल्ला लाल दिसला की झालं, मरळ तर जिवंतच मिळते. पापलेट मात्र कल्ल्याजवळ दाबून बघावं: दुधासारखं पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर शिळं. बोंबील मुळातच मऊ आणि पाणीदार, त्याला बोटाने दाबून काही कळत नाही. तोंडाजवळचा गुलाबीपणा बघावा. कोळंबी म्हणजे आपले झिंगे. डोकं काळं पडलेलं किंवा लोंबणारं असेल तर घेऊ नये. आणि तळहाताहून लहान पापलेट कितीही स्वस्त मिळालं तरी नको. २०२३ मध्ये राज्यमासा ठरलेला हा मासा वाढायच्या आतच संपतो आहे. तलावात बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडून ती वाढायची वाट बघणाऱ्या आम्हा लोकांना ती पिल्लं ढिगात बघवत नाहीत.

सगळ्यात जास्त चुकतं ते ओली मासळी घरी आणताना. भंडाऱ्यापर्यंत एक दिवस-रात्र सहज जाते. किलोला किलो बर्फ लागतो, तोही बारीक फोडलेला. थर्माकोलच्या पेटीला तळाशी भोक हवं, नाहीतर वितळलेल्या पाण्यात मासा भिजतो आणि पोटाकडून फुटतो. वाटेत बर्फ बदलला नाही तर बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) यांत हिस्टामिन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होतं. ते शिजवून जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं, आणि आपण म्हणतो समुद्राची मासळी सोसली नाही.

म्हणून ओली तिथेच खावी, सुकी आणावी. सुका बोंबील वाकवला की मोडला पाहिजे. वाकून राहिला तर आत ओल आहे. सुकट (सुकवलेली बारीक कोळंबी) मुठीत घेऊन सोडावी, हाताला रेती चिकटली तर ती वाळूवर वाळवलेली. खारवलेल्या मासळीवर गुलाबी-तांबूस डाग दिसले तर ती बिघडलेली. चांगली सुकी मासळी मिरगाच्या पाण्याआधी दोन कडक उन्हं देऊन घट्ट झाकणाच्या डब्यात भरली, तर पावसाळाभर पुरते.

— मत्स्यपालक व मासळी विक्रेते,
साकोली तालुका, जि. भंडारा