आठ मीटर रेषा

मेलबर्न

प्रिय सुहास,

तुझी नवी जलरंगातली चित्रं पाहिली. त्यावर भांडण नंतर. आज एका चित्राबद्दल लिहितोय, कारण त्याचा फोटो पाठवण्यात काही अर्थ नाही. ते आठ मीटर रुंद आणि जवळजवळ तीन मीटर उंच आहे!

नाव 'बिग याम ड्रीमिंग' (याम म्हणजे कंद, ड्रीमिंग म्हणजे इथल्या आदिवासींच्या पूर्वजांच्या नि भूमीच्या कथा), साल १९९५, इथल्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियाचं. काळ्यावर नुसत्या पांढऱ्या रेषा. वळतात, एकमेकींवरून जातात, भलतीकडेच पुन्हा वर येतात. कॅनव्हास जमिनीवर अंथरून, त्याच्यावरच बसून एमिली कामे उंगवारे हिने हे दोन दिवसांत काढलं. तेव्हा म्हातारी पंच्याऐंशीच्या आसपास होती. मागे सरकून, डोळे बारीक करून बघायची आपली सवय तिला जमिनीवर बसून कुठली परवडणार?

ती मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्जच्या ईशान्येला असलेल्या युटोपिया भागातली, अन्मातियेर या आदिवासी लोकांपैकी. तरुणपणी गुरांच्या फार्मवर राबली. १९७७ च्या सुमारास तिथल्या बायकांबरोबर बाटिक, म्हणजे मेण लावून कापड रंगवणं, शिकली. मेण, उकळतं पाणी, धुणं यांचा कंटाळा आला आणि १९८८-८९ मध्ये ॲक्रिलिक हाती आलं. १९९६ मध्ये ती गेली. मधल्या आठेक वर्षांत सुमारे तीन हजार चित्रं!

समीक्षक याला अमूर्त म्हणतात, रंग शिंपडून चित्रं काढणाऱ्या अमेरिकन पोलॉकशी तुलना करतात. मला ते पटत नाही. या रेषा म्हणजे यामच्या वेलीची, जमिनीखाली पसरणारी मुळं आहेत. ही वेल आपल्या मूग-मटकीच्याच कुळातली बरं का. कंद पोसला की वरची माती तडकते, आणि त्या भेगा पाहून बायका खणतात. त्या वेलीचे विधी, गाणी, छातीखांद्यांवर ओढायचे पट्टे, सगळं तिने आयुष्यभर सांभाळलेलं. चित्रात काय आहे विचारलं की ती सांगायची: सगळं. कंद, सरडा, गवताचं बी, सगळंच. ज्या हाताने अंगावर पट्टे ओढले त्याच हाताने कॅनव्हासवर ओढले, तर त्यात अमूर्त काय राहिलं?

बाजाराचं काय सांगू? तिचं 'अर्थ्स क्रिएशन' २००७ मध्ये दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या वर गेलं. ते पाहायला ती नव्हती. हयातीत मिळालेलं बरंचसं भाऊबंदांत वाटलं गेलं.

तू म्हणशील, संदर्भ माहीत नसताना चित्र आवडलंच ना? आवडलं. पण मग मी त्याला नुसती लय म्हटलं असतं आणि पुढच्या दालनात गेलो असतो.

डिसेंबरात येतोयस ना? तिकीट काढलंस की कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश