पंचावन्नपर्यंत थांबते

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही आणि आई तर माझ्या आवाजावरूनच सगळं ओळखते, म्हणून लिहायला बसले. मागच्या खेपेला आई म्हणाली, किती वाळलीस गं. मी म्हटलं, ऊन फार आहे. ते खरं नव्हतं.

महिन्यापूर्वी आमच्या औषधांच्या कारखान्यात एका बॅचचे कागद माझ्यापुढे आले. आठवडाभर रात्री-अपरात्री फोन चालू होते. कधी शीतगृहाचं तापमान वाढलेलं, कधी मशीन बंद पडलेलं. त्या संध्याकाळी एकच पान मी तीनदा वाचलं, आकडे डोक्यात शिरेनात, तरी सही केली. दुसऱ्या दिवशी हाताखालची मुलगी तेच पान घेऊन आली. "मॅडम, मुदतीचा महिना चुकलाय." माल अजून गोदामातच होता, म्हणून निभावलं. पण सत्तावीस वर्षांत माझ्या सहीखालून अशी चूक गेली नव्हती. त्या सहीच्या भरवशावर कुणीतरी गोळी घेतं. आई, तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी मी घरी आले की उलटून बघते, ती याच सवयीने.

त्या दिवशी मडगावला परतताना बसमध्ये ठरवलं, राजीनामा द्यायचा. घरी येऊन लिहूनही काढला. तो अजून कपाटात आहे.

मग वही घेऊन हिशेब मांडला, बाबा, तुम्ही शिकवलात तसा डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च. तुम्हाला शाळेची पेन्शन दर महिन्याला येते, महागाई भत्त्यासकट. आमचं तसं नाही. पगार कितीही असो, पीएफच्या पेन्शनला महिना १५,००० रुपयेच धरतात. तीही ५८ च्या आधी घेतली तर वर्षामागे ४ टक्के कमी, आणि कायमची कमी. ग्रॅच्युइटी मात्र कधीही सोडलं तरी मिळेल, भरलेल्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. ती आणि पीएफ ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवायचं माझ्या मनात होतं, पण साठीच्या आत निवृत्त होणाऱ्याला तिथे ५५ पूर्ण लागतात. मला आत्ता त्रेपन्न. शिवाय कंपनीचा आरोग्य विमा जाईल. या वयात नवा काढायचा म्हणजे हप्ता जड, आणि साखर निघाली आहे हे मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं. तुमच्या नातवाच्या इंजिनिअरिंगचंही एक वर्ष राहिलंय.

तुमचे जावई म्हणतात, पैशांचं बघू, तू आधी नीट झोप. त्यांचं हे बोलणंच मला सर्वांत जास्त पटतं.

आणि बाबा, एक मनात आणू नका. तुमच्या गुडघ्यांसाठी, आईच्या मोतीबिंदूसाठी मी नोकरी सोडायला निघालेय असं नाही. यायची ओढ मलाच आहे. सावई-वेऱ्याला उतरून आपल्या सुपारीच्या बागेच्या, कुळागराच्या वाटेला लागले, पाटाचं पाणी ऐकू आलं, की छातीवरचं ओझं उतरतं. तिथे मी दुपारी दोन-दोन तास झोपते, हे तुम्ही पाहिलंच आहे.

तर ठरलं ते असं. पंचावन्नपर्यंत थांबते, पण या खुर्चीत नाही. शेवटच्या सहीचं काम दुसऱ्याकडे द्या, मला नव्या मुलांच्या प्रशिक्षणावर ठेवा, असं साहेबांना लिहून दिलंय. हुद्दा खाली येईल, थोडा पगारही. रात्रीचा फोन मात्र येणार नाही. नाही म्हणाले, तर कपाटातला कागद आहेच. मग तुमच्याकडे येऊन पुन्हा वही उघडू.

चवथीला पाच दिवसांची रजा टाकलीय. गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी सुपारीचे घोस काढायला शेजारच्या मुलाला सांगा. बाबा, तुम्ही पोफळीखाली मान वर करून उभे राहू नका, मागच्या वर्षी चक्कर आली होती.

तुमची,
बाय