प्रयोगशाळेतली जुनी कार्डे भंगारात काढण्याआधी

संपादक महोदय,

नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी ठाणे, ऐरोली, नेरूळकडच्या महाविद्यालयांतले दहा-बारा वर्षांचे डेस्कटॉप टेम्पोत भरून भंगारात जातात. कारण ठरलेले: ‘ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर (ते चालवणारा प्रोग्रॅम) आता येत नाही.’ विंडोजपुरते ते खरे आहे. 2012 साली आलेल्या, एएमडी या चिप-कंपनीच्या जीसीएन रचनेच्या कार्डांचा नियमित विंडोज ड्रायव्हर कंपनीने जून 2021 मध्ये थांबवला. लिनक्सवर मात्र त्याच कार्डांना कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) 6.19 या आवृत्तीपासून नवा अ‍ॅमडीजीपीयू ड्रायव्हर आपोआप लागतो. घोडे अडले होते ते मुख्यतः मॉनिटरच्या निळ्या व्हीजीए केबलपाशी. नव्या ड्रायव्हरच्या डिस्प्ले विभागात अ‍ॅनालॉग जोडणीची सोयच लिहिलेली नव्हती. ती लिहिली एएमडीबाहेरच्या योगदानकर्त्याने आणि तपासून आत घेतली एएमडीच्या अभियंत्यांनी. इतक्या जुन्या चिपसाठी कंपनी स्वतःहून माणूस बसवणार नाही, पण कोणी करून आणले तर नाही म्हणणार नाही. हे काम चालते ते असे.

‘ओपन सोर्स’ म्हणजे कोणीही काहीही लिहावे, असा आपल्याकडे समज आहे. ग्राफिक्समध्ये तसे होत नाही. चिपमधल्या कोणत्या रजिस्टरात (नियंत्रणाच्या खणात) काय लिहिले की काय होते, हे कंपनीलाच ठाऊक असते. अ‍ॅमडीजीपीयू हा कर्नलमधला सर्वांत मोठा ड्रायव्हर असला, तरी त्यातल्या निम्म्याहून अधिक ओळी म्हणजे यंत्राने काढलेल्या रजिस्टरांच्या याद्या. त्या बाहेरचा माणूस लिहूच शकत नाही. उलट कंपनीच्या प्रयोगशाळेत नसतात ती बाहेरची हजार यंत्रे: अमुक मदरबोर्ड, तमुक मॉनिटर, झाकण मिटून झोपवलेला आणि जागाच न होणारा लॅपटॉप.

वेळापत्रकही कंपनीच्या हातात नसते. कर्नलची आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी येते. नवे काम आत घेण्याची खिडकी दोन आठवडे उघडी असते, पण ग्राफिक्सचा नवा कोड त्याआधीच्या फेरीच्या साधारण सहाव्या आरसीपर्यंत (चाचणी-आवृत्तीपर्यंत) तयार लागतो. म्हणून शहाणी कंपनी चिप दुकानात येण्याच्या कित्येक महिने आधी पॅच (कोडमधले बदल) पाठवू लागते. उशीर झाला, तर लॅमिंग्टन रोडवरून आणलेले नवे कार्ड जुन्या कर्नलवर ओळखलेच जात नाही. कधी कर्नल नवा असतो, पण फर्मवेअरची (चिपमध्ये भरायच्या प्रोग्रॅमची) फाइल जुनी राहिलेली असते. पडदा तेव्हाही काळाच आणि शिव्या मात्र ड्रायव्हरला.

कंपनीने सगळे दाराआड लिहून एकदम आणून टाकले, की काय होते ते 2016 मध्ये दिसले. एएमडीने डिस्प्लेसाठी सुमारे एक लाख ओळींचा कोड आणला. त्यात विंडोज आणि लिनक्स दोन्हींना चालावा म्हणून मधे एक थर घातलेला होता. लिनक्स कर्नलच्या ग्राफिक्स विभागाचे प्रमुख डेव्ह एअरली यांनी डिसेंबरमध्ये तो साफ नाकारला. असा थर फक्त त्या कंपनीलाच कळतो आणि उद्या तिने पाठ फिरवली तर सांभाळायचा कोणी? तो कोड दुरुस्त होऊन आत यायला 4.15 ही आवृत्ती उजाडली. याच एअरलींनी 2016 मध्ये बास न्यूवेनहाउझेन यांच्यासह व्हल्कन या ग्राफिक्स-मानकासाठीचा रॅडव्ही हा ड्रायव्हर मेसा या खुल्या ग्राफिक्स-संग्रहात सुरू केला, कारण एएमडीने कबूल केलेला खुला ड्रायव्हर येता येत नव्हता. कंपनीचा तो ड्रायव्हर 2017 च्या डिसेंबरात आला, पण काम आतच चालायचे आणि बाहेर नुसते गठ्ठे पडायचे. तोवर लोक रॅडव्हीकडे वळले होते. पुढे वॉल्व्ह या गेम-कंपनीने रॅडव्हीसाठी एसीओ हा कंपायलर (कोड चिपच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम) लिहिला आणि 2025 मध्ये एएमडीने आपला ड्रायव्हर बंद करून रॅडव्हीलाच पाठिंबा दिला. कोड दोघांचाही खुला होता, फरक काम उघड्यावर चालण्याचा होता.

आता या कामात हातभार लावू पाहणाऱ्या, महापे-ऐरोलीतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांसाठी. कर्नलच्या प्रत्येक पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ लागते. हा कोड देण्याचा मला हक्क आहे, असे ते लेखी आश्वासन असते, निनावी चालत नाही. अनेक नेमणूकपत्रांत कर्मचाऱ्याचा कोड मालकाचा असल्याचे कलम असते, म्हणून सही करण्याआधी परवानगी लेखी घ्यावी. पॅच कार्यालयाच्या मेलवरून तर धाडूच नये. ती यंत्रणा टॅबच्या जागी स्पेस घालते, लांब ओळी तोडते आणि शेवटी ‘हा मजकूर गोपनीय आहे’ अशी शेपटी चिकटवते. असा पॅच पलीकडे मूळ कोडवर चढतच नाही. पॅच धाडायला गिट सेंड-ईमेल ही आज्ञा वापरा, आधी चेकपॅच ही तपासणी चालवा आणि एका पॅचमध्ये एकच बदल ठेवा.

विद्यार्थ्यांनी मात्र कोडने सुरुवात करू नये. कागदपत्रांतली स्पेलिंगे सुधारून प्रमाणपत्र मिळते, पण ड्रायव्हरला हवे असते ते बायसेक्ट, म्हणजे निम्मे-निम्मे करत दोषी बदल शोधणे. मागच्या आवृत्तीत चालत होते, या आवृत्तीत बिघडले. मधे तेरा-चौदा हजार बदल. दर वेळी निम्मे बाद करत गेले, की सुमारे चौदा फेऱ्यांत दोषी बदल सापडतो. पूर्ण कर्नल चौदा वेळा बांधताना साधा लॅपटॉप रडकुंडीला येतो, म्हणून आधी ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ करावे. त्याने त्या क्षणी चालू असलेली मॉड्यूल्सच (कर्नलचे सुटे भाग) राहतात, तेव्हा पेनड्राइव्ह, हेडफोन, वाय-फाय सगळे जोडूनच ते चालवावे. शोध चालू असताना मेसा आणि फर्मवेअरला हात लावू नये, नाहीतर दोष कोणाचा ते कळतच नाही. कर्नल बांधला गेला नाही, तर ती पायरी ‘वाईट’ न म्हणता ‘स्किप’ करावी. सर्वांत घातक चूक घाईची. जीपीयू (ग्राफिक्स चिप) वीस मिनिटांनी अडकत असेल, तर पाच मिनिटे पाहून ‘चांगले’ म्हणू नये, निदान तासभर चालवावे. एक खोटे ‘चांगले’ पडले, की पुढच्या सगळ्या फेऱ्या पाण्यात आणि आळ भलत्याच बदलावर. शेवटी सापडलेला बदल ताज्या कर्नलवर उलटवून दोष जातो का पाहावे. तक्रारीसोबत डीमेसेजचा (कर्नलच्या नोंदींचा) पूर्ण मजकूर द्यावा, मोबाइलवर काढलेला पडद्याचा फोटो नको. एवढे करणाऱ्याचे नाव दुरुस्तीच्या पॅचखाली ‘रिपोर्टेड-बाय’, ‘टेस्टेड-बाय’ म्हणून कायमचे राहते. मुलाखत घेणाऱ्याला ते पडताळून पाहता येते.

यासाठी नवी खरेदी लागत नाही. टेम्पो बोलावण्याआधी प्रत्येक डेस्कटॉपवर ‘एलएसपीसीआय -एनएन’ ही आज्ञा चालवून कार्डाचा क्रमांक वहीत उतरवावा आणि प्रत्येक प्रकारचे एक यंत्र, त्याच्या व्हीजीए मॉनिटरसकट, अशा चाचण्यांसाठी कोपऱ्यात ठेवून द्यावे.

– दोन प्रणाली-अभियंते, ऐरोली, नवी मुंबई