मालक सुट्टीवर, कुत्रा तुमच्या हवाली: सांभाळणाऱ्यांना आभारपत्र

स. न. वि. वि.

मालक सुट्टीवर निघतात, घराची किल्ली तुमच्या हातात येते आणि पुढचे आठ-दहा दिवस कुत्रा तुमच्या भरवशावर असतो. परत आल्यावर मालक तुम्हाला थँक्यू म्हणतात, फोटो बघून हसतात आणि विषय तिथेच संपतो. मधल्या दिवसांत तुम्ही काय काय निभावलंत याचा त्यांना पत्ता नसतो. कसा असणार? काम चोख झालं की दाखवण्यासारखं काही उरतच नाही. आम्ही कुत्र्यांच्या वर्तनाचं आणि उपचारांचं काम करतो. बिघडलेली प्रकरणं आमच्याकडे येतात, त्यामुळे न बिघडलेल्यामागे काय असतं ते आम्हाला चांगलं कळतं.

पहिले आभार, आधी येऊन गेल्याबद्दल. मालक घरी असताना एकदा, मग मालकांशिवाय एक फेरी, आणि जमलं तर एक रात्र मुक्काम. ‘एवढं कशाला, तो सगळ्यांशी छान असतो’ असं मालक म्हणतात. छान असतो खरा, पण मालक शेजारी असताना! कुत्र्याला तारीख कळत नाही, बॅग मात्र बरोबर कळते. माळ्यावरून बॅग निघाली की काही कुत्रे त्या दिवसापासूनच पायात घुटमळतात, जेवण अर्धं टाकतात. म्हणून तुम्ही मालकांना बॅग आठवडाभर आधीच काढून उघडी ठेवायला सांगता, रोज थोडंथोडं भरायला सांगता. आठ दिवस बॅग पडून आहे आणि कोणीच जात नाही म्हटल्यावर त्या बॅगेचा धाक बराच कमी होतो.

दुसरे आभार, मालकांकडून सूचना लिहून घेता त्या तुमच्या हटवादी कागदासाठी. ‘दोन वाट्या’ तुम्हाला चालत नाही, ग्रॅममध्ये हवं असतं, कारण प्रत्येक घरची वाटी वेगळी. पाणी किलोमागे दिवसाला साधारण ४० ते ६० मिलिलिटर, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला ८०० ते १२०० मिलिलिटर. हा हिशेब तुम्ही मांडता आणि भांडं भरताना मोजता, म्हणून पाणी कमी जातंय की अचानक दुप्पट जातंय ते दुसऱ्याच दिवशी तुमच्या लक्षात येतं. फिट्सच्या कुत्र्याची फिनोबार्बिटोनची गोळी १२ तासांनी म्हणजे १२ तासांनीच, आणि मालक परत येईपर्यंत पुरून चार दिवसांच्या जास्त, हे तुम्ही आधी मोजून घेता. हे औषध एकाएकी थांबलं तर फिट्स उलट जोरात येऊ शकतात. उपचारांची लेखी परवानगी आणि खर्चाची मर्यादाही तुम्ही लिहून घेता. शिवाय मायक्रोचिपचा, म्हणजे कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचा, १५ आकडी नंबर, आणि नोंदणीत मालकांखेरीज दुसरा कोणाचा तरी फोन नंबर. कुत्रा हरवला तेव्हा चिप सापडते, नंबर लागतो आणि फोन नेमका विमानात बंद असतो, ही गोष्ट ऐकायला गंमतशीर वाटते, इतकंच.

मग येते पहिली संध्याकाळ. तुमचं खरं कसब इथे दिसतं, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

दार लागलेलं आहे. कुत्रा पायपुसण्यावर आडवा, नाक दाराच्या फटीला. जिन्यात पाऊल वाजलं की दोन्ही कान वर, पाऊल पुढे गेलं की खाली. या वेळी बहुतेक माणसं त्याच्याकडे जातात, वाकतात, दोन्ही हातांनी डोकं कुरवाळतात आणि लाडात बोलायला लागतात. तुम्ही जात नाही. चार-पाच हातांवर जमिनीवर बसता, तेही त्याच्याकडे तिरके, नजर फोनवर. थोड्या वेळानं खाऊचा नखाएवढा तुकडा टाकता, आणि तो तुमच्या दिशेनं नाही, त्याच्या पलीकडे. तुकडा उचलायला त्याला तुमच्यापासून लांब जावं लागतं. तिथून परत यायचं की नाही हे त्याचं तो ठरवतो. हातातून खाऊ देण्याची घाई केली तर बुजरा कुत्रा मान लांब करून खाऊ घेतो, पण मागचे पाय पळायच्या तयारीत तसेच ताठ राहतात. पोटात खाऊ गेला म्हणून मनातली भीती गेली असं होत नाही.

एकटं पडल्याची घालमेल बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच उघड होते, हे माहीत असल्यानं तुम्ही त्या वेळेत काही दुसरं काम काढत नाही. हवा गार असताना धापा, झोप नसताना जांभया, खाणं समोर नसताना ओठ चाटणं, लाळ, दार ते खिडकी अशा येरझाऱ्या: तुम्ही वेळ लिहून ठेवता. येरझाऱ्या तासाभरात थंडावल्या तर ठीक. दार ओरबाडून नखातून रक्त आलं किंवा ओरडणं थांबेचना, तर ते प्रकरण वेगळं. अशा कुत्र्यांना आम्ही फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन ही घालमेल कमी करणारी औषधं देतो, पण त्यांचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. प्रवासाच्या दोन दिवस आधी ‘काहीतरी झोपेचं द्या’ म्हणणाऱ्या मालकांना तुम्ही महिना-दीड महिना आधीच आमच्याकडे पिटाळता, त्याबद्दल मनापासून धन्यवाद. नुसत्या एसेप्रोमॅझिननं, म्हणजे गुंगीच्या औषधानं, कुत्रा निपचित पडतो, भीती मात्र आत तशीच जागी राहते.

पहिले तीन दिवस तुम्ही काहीही नवीन करत नाही. आंघोळ नाही, नखं कापणं नाही, पाहुणे नाहीत, नव्या कुत्र्याशी ओळख नाही. फिरायला जायचा रस्ता तोच, वेळही तीच. अमेरिकेत ओहायोमधल्या बेवारस कुत्र्यांच्या एका निवाऱ्यातल्या कुत्र्यांवर १९९७ साली झालेल्या अभ्यासात असं दिसलं होतं की दाखल झाल्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, जास्त असतं, आणि नऊ दिवसांहून जास्त राहिलेल्या कुत्र्यांत ते कमी असतं. निवारा आणि स्वतःचं घर यांत फरक आहे, मान्य. तरी बोर्डिंगमध्ये, म्हणजे कुत्रे ठेवून घेणाऱ्या जागी, ठेवलेल्या कुत्र्याच्या पहिल्या तीन दिवसांकडे बघताना हा आकडा डोक्यात असलेला बरा. बोर्डिंगवाल्यांनो, केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची, लस ऐन दारात देऊन चालत नाही हेही तुम्ही मालकांना बजावता. नाकातली लस काम करायला काही दिवस घेते, आणि इंजेक्शनवाली पहिल्यांदाच घेत असेल तर दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात.

घरी सांभाळणाऱ्यांनी मालकांकडून न धुतलेले तीन-चार टी-शर्ट मागून घ्यायचे, घट्ट बंद पिशव्यांत ठेवायचे आणि दोन-तीन दिवसांनी एक काढून अंथरुणात घालायचा, ही युक्ती कोणी प्रथम काढली देव जाणे, पण तिला आधार आहे. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात १२ कुत्र्यांना जागेपणी एमआरआयमध्ये शांत पडून राहायला शिकवून वेगवेगळे वास दिले, तेव्हा ओळखीच्या माणसाच्या वासाला मेंदूतल्या सुखाच्या अपेक्षेशी जोडलेल्या भागानं सर्वांत जास्त प्रतिसाद दिला, आणि तो माणूस त्या खोलीत नव्हता. तो अहवाल २०१५ मध्ये छापून आला. कुत्र्याची चादर धुवायची राहून गेली असं मालकांना वाटतं. तुम्ही ती मुद्दामच धुतलेली नसते.

आता खाण्याबद्दल. पहिल्या दिवशी जेवला नाही म्हणून तुम्ही घाबरत नाही. भांडं वीस मिनिटं ठेवता, मग उचलता, पुढच्या वेळेला पुन्हा ठेवता. कोरड्या खाण्यावर दोन चमचे कोमट पाणी, वास सुटावा म्हणून, बस. दया येऊन वर काहीतरी चमचमीत घातलं की त्या रात्री दोन गोष्टी होतात: न खाल्ल्यावर चांगलं मिळतं हे कुत्रा शिकतो, आणि आधीच ताणानं नाजूक झालेलं पोट बिघडतं. बोर्डिंगमधून आलेल्या कुत्र्यांत आम्ही पाहतो ती शी बहुतेक एकाच छापाची: थोडी-थोडी, वारंवार, शेंबडासारखा चिकट थर, कधी ताज्या रक्ताची रेघ. मोठं आतडं चिडलेलं असतं. कुत्रा तरतरीत आहे, पाणी पितोय, उलटी नाही, तर लक्ष ठेवून एक दिवस थांबता येतं. उलटीही होतेय, मलूल आहे किंवा शी डांबरासारखी काळी आहे, तर थांबायचं नाही. खाणं संपून नवं आणावंच लागलं तर चार भागांत एक भाग नवं, दोन-तीन दिवसांनी दोन, असं सात ते दहा दिवसांत बदलायचं.

‘एक दिवस थांबा’ हा नियम पिल्लांना आणि दोन-तीन किलोच्या छोट्या जातींना लावायचा नाही, त्यांची साखर पटकन उतरते. मधुमेही कुत्रा जेवला नाही तर सवयीनं पूर्ण इन्सुलिन टोचायचं नाही, आधी डॉक्टरांना फोन. आणि माणसांची वेदनाशामकं, पॅरासिटामॉल असो की आयबुप्रोफेन, कुत्र्याच्या तोंडात जाता कामा नयेत. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्याला ओकाऱ्या येतायत पण बाहेर काहीच पडत नाही, आणि पोट ढोलासारखं ताणलंय, तर रात्रीचे किती वाजलेत ते बघत बसायचं नाही. जठराला पीळ पडलेला असू शकतो आणि तिथे हिशेब तासांचा असतो.

दारातली तुमची ती एक मिनिटाची कवायत बघायला आम्हाला फार आवडते. घराचं दार बंद असतानाच हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, चढवायचा, पट्ट्याखाली दोन बोटं जातात का बघायचं, तीन जात असतील तर आवळायचं. दोरीचा एक हुक हार्नेसला, दुसरा कॉलरला. दोन्ही ओढून बघायचे. मग दार. घाबरलेला कुत्रा पुढे पळत नाही, मागे सरकतो, मान खाली घालतो आणि कॉलर कानांवरून सुटते. एवढं व्हायला दोन सेकंद पुरतात. मालकांबरोबर मोकळा फिरणारा कुत्राही तुमच्या हाती असताना दोरीवरच राहतो, याबाबत तुम्ही ऐकत नाही ते उत्तम. सुटलाच, तर त्याच्या मागे धावत नाही. पाठ करून खाली बसता, खाऊची पिशवी चुरचुरवता.

म्हाताऱ्या, कमी दिसणाऱ्या कुत्र्यासाठी रात्री एक दिवा चालू ठेवणं आणि सोफा तसूभरही न हलवणं, एवढंच लिहितो.

व्हिडिओ कॉलचा हट्ट धरणाऱ्या मालकांना तुम्ही नाही म्हणता तेव्हा त्यांचा रुसवा तुम्हीच सोसता. आमच्या मते तुमचंच बरोबर. आवाज येतो, वास येत नाही, माणूस सापडत नाही. पुष्कळ कुत्रे मग फोनच्या मागे शोधतात, तिथून दाराकडे जातात आणि शांत झालेली संध्याकाळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. वीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवला की मालकांचं समाधान होतं आणि कुत्रा झोपलेला राहतो.

चपला कुरतडल्या, दाराशी शू केली, की ‘बघा, बदला घेतला’ म्हणणारे मालक आम्हालाही भेटतात. तुम्ही ओरडत नाही, एन्झाइमच्या क्लीनरनं पुसता आणि चपला कपाटात टाकता. ‘पण त्याला कळतं, तोंड बघा ना त्याचं’ यावर २००९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये १४ कुत्र्यांवर झालेला एक प्रयोग आहे: अपराधी चेहरा ओरडा बसल्यावर दिसला, कुत्र्यानं खरंच आगळीक केली होती की नाही याच्याशी त्याचा संबंध आढळला नाही.

मालक परत येतात. कुत्रा उड्या मारतो, मग घटाघटा पाणी पितो. तेव्हा भांडं थोडं-थोडंच भरा हे सांगायला तुम्ही तिथे थांबता, कारण दमलेल्या कुत्र्यानं एका दमात लिटरभर पाणी प्यायलं की ते उलटून पडतं. एखादा कुत्रा मालकांकडे नुसता बघतो आणि जाऊन झोपतो. मालक हिरमुसतात. पुढचे एक-दोन दिवस तो भरपूर झोपेल, जागेपणी बाथरूमच्या दारापर्यंत मागे-मागे येईल, शी थोडी सैल राहील, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलेलं असतं.

शेवटी तुमची ती वही. तारीख, किती ग्रॅम खाल्लं, पाणी किती, शी कशी, गोळी किती वाजता, कोणत्या रात्री दाराशी झोपला आणि कोणत्या रात्रीपासून स्वतःच्या अंथरुणात. कुत्रा आमच्याकडे येतो तेव्हा आम्ही मालकांना हेच विचारतो आणि ते म्हणतात, ‘आम्ही तर नव्हतो.’ तिची एक प्रत मालकांकडे ठेवा आणि एक तुमच्याकडे राहू द्या, पुढच्या सुट्टीत पहिल्या तीन दिवसांशी ताडून बघायला लागेल.

कळावे, लोभ असावा.

आपले,
कुत्र्यांचं वर्तन आणि उपचार यांत काम करणारे काही जण