'पेडल नेमके कुठे खोल जाते?' असे विचारणाऱ्या गृहस्थांस

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

तुमचे नाव या पत्रात मुद्दाम लिहिलेले नाही, कारण आभाराचा शब्द निघताच तुम्ही विषय बदलता, हे त्या दिवशी पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करतात त्या जागी, मी पाहिले. तरीही हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. ज्या दोषापुढे नावाजलेल्या हातांनी हात टेकले होते तो तुम्ही गाडीचा एकही नट न सोडता ओळखलात, आणि तो ज्या रीतीने ओळखलात ती रीत ट्रॅकवर गाडी चालवणाऱ्या इतरांनाही ठाऊक व्हावी असे मला वाटते.

माझी तक्रार सांगायला सोपी होती. ट्रॅकवर वेगात असताना ब्रेक दाबला की पेडल मधूनच, नेहमीच्या उंचीवर न लागता, खोल जाई. पाय उचलून पुन्हा दाबला की तेच पेडल वर येऊन घट्ट लागे, आणि गाडी नीट थांबे. एका दाबात गेलेला तो क्षण घड्याळात अर्ध्या सेकंदाचाही नसेल, पण वळण अंगावर येत असताना तो किती लांबतो हे ज्याने अनुभवले आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

ज्या गॅरेजकडे ही गाडी गेली होती त्याचे नाव घेत नाही. तिथे ब्रेक ऑइल बदलले गेले, चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली गेली, पॅड नवे बसवले गेले, आणि रस्त्यावर एक चक्कर मारून 'आता काही दोष नाही' असा निर्वाळा मिळाला. दोष तसाच राहिला, तेव्हा ब्रेकमधली हवा पुन्हा काढली गेली. त्यांचा पहिला संशय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. ट्रॅकवर पेडल खोल जाण्याचे सर्वांत नेहमीचे कारण ऑइल उकळणे हेच असते. डॉट 4 प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, पण हे ऑइल हवेतील ओलावा शोषत राहते आणि त्यात 3.7 टक्के पाणी मुरले की तीच मर्यादा 155 अंशांपर्यंत घसरू शकते. ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे झाले की पायाचा जोर ते बुडबुडे दाबण्यातच खर्च होतो. हे सगळे खरे आहे, परंतु ताजे ऑइल भरूनही तक्रार जशीच्या तशी राहिली असताना पुन्हा त्याच संशयाकडे वळणे याला निदान म्हणता येत नाही. शेवटी तेथील एकाने समजुतीच्या सुरात सांगितले, "मॅडम, ट्रॅकवर थोडी भीती वाटायचीच." त्या वाक्यानंतर मी तिथे जाणे थांबवले.

अशा मनःस्थितीत मी तुमच्याकडे आले होते. खरे तर आले म्हणणेही बरोबर नाही. गाडीजवळ उभी राहून मी कुणाशी तरी बोलत होते आणि ते तुमच्या कानावर पडले. तुम्ही जवळ आलात, सकाळच्या सूचनांसोबत मिळालेला ट्रॅकच्या नकाशाचा कागद माझ्याकडून मागून घेतलात, तो बॉनेटवर पसरलात, खिशातली पेन्सिल माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "पेडल नेमके कुठे खोल जाते, तेवढ्या जागांवर फुली करा." एवढे बोलून तुम्ही तोंड ट्रॅककडे फिरवले आणि माझे काम होईपर्यंत मागे वळून पाहिले नाही.

मला आभार मानायचे आहेत ते मुख्यतः त्या पाठ फिरवून उभे राहण्याचे. तोवर मला विचारले गेलेले प्रश्न सगळे एकाच जातीचे होते. 'पेडल स्पंजी लागते ना?' 'शेवटच्या फेऱ्यांत जास्त होते ना?' असे विचारले की समोरच्याच्या तोंडी उत्तर आधीच घातलेले असते, आणि ज्याला आपल्याहून जास्त कळते असे आपण धरून चालतो त्याला नाही म्हणायला जीभ रेटत नाही. तुम्ही मात्र काहीच सुचवले नाही. मी कुठे थांबते, कुठली फुली खोडते, कुठे विचारात पडते, हेही पाहिले नाही. माझ्या पायाला जे कळले होते ते माझ्याच हाताने कागदावर उतरू दिलेत. गाडीविषयीची माझी साक्ष कुणी इतक्या गंभीरपणे घेतल्याचे मला आठवत नाही.

आणि फुल्यांनीच बहुतेक सगळे सांगून टाकले. सर्वांत लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी, जिथे ब्रेकवर सर्वाधिक ताण येतो, तिथे एकही फुली नव्हती. 1200 किलो वजनाची गाडी ताशी 180 किलोमीटरवरून 90 वर आणली की तिच्या गतिज ऊर्जेपैकी तीन चतुर्थांश, म्हणजे 11 लाख ज्यूलहून अधिक ऊर्जा, एवढ्या एका थांबवण्यात मुख्यतः चाकासोबत फिरणारी डिस्क आणि तिला दाबणारे पॅड यांच्यात उष्णता होऊन उतरते, हा हिशेब तुम्ही कागदाच्या कोपऱ्यात मांडून दाखवलात. दोष उष्णतेचा असता तर तो तिथेच आधी दिसला असता, आणि फेरीगणिक वाढत गेला असता. माझ्या फुल्या मात्र वेगवान उजव्या वळणांनंतरच्या ब्रेकिंगच्या जागांवर होत्या, त्यातही कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर, चाक चढत असे तिथे त्या दाट होत्या. मग तुम्ही दुसरा आणि शेवटचा प्रश्न विचारलात, की ब्रेक पुरते तापलेले नसताना, पहिल्याच फेरीतही, असे होते का. होत होते. उकळलेल्या ऑइलचा संशय तिथेच संपला.

पुढचे तुम्ही इतक्या सावकाश समजावलेत की ते मी आता दुसऱ्याला सांगू शकते. उजव्या वळणात भार डाव्या चाकांवर जातो. डाव्या पुढच्या चाकाच्या बेअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर त्या भाराने हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो भाग, किंचित कलतो, त्याच्यासोबत डिस्क कलते, आणि ती पॅडना, पॅड पिस्टनना, कॅलिपरच्या, म्हणजे पॅड आणि पिस्टन धरणाऱ्या भागाच्या, आत ढकलतात. माझ्या गाडीचे कॅलिपर चार पिस्टनचे आणि जागचे न हलणारे आहेत, त्यामुळे डिस्कसोबत सरकून जाण्याची सोयही त्यांना नाही. गाडी वळणातून सरळ होते तेव्हा डिस्क आपल्या जागी परत येते, पिस्टन मात्र मागेच राहतात. पुढच्या ब्रेकला मास्टर सिलिंडरने, म्हणजे पेडलने चालणाऱ्या मुख्य सिलिंडरने, ढकललेले ऑइल आधी ही फट भरण्यात जाते; फट मिलिमीटरच्या अंशाची असली तरी सिलिंडरचा दांडा त्यासाठी कित्येक पट सरकतो, आणि पेडलची तरफ चौपटीची असेल तर तेही अंतर पायाखाली चौपट होते. दुसऱ्या दाबाला फट उरलेली नसते, म्हणून पेडल लगेच घट्ट. रस्त्यावरच्या चक्करीत किंवा जॅकवर चढवलेल्या गाडीत हबवर असा आडवा भार येतच नाही, त्यामुळे गॅरेजात पेडल नेहमी निर्दोषच लागणार. जॅकवर चाक वर आणि खाली धरून हलवल्यावर जे हाताला लागले ते लागले. त्याचा तपशील इथे लांबवत नाही. बेअरिंग बदलले गेले आणि फुल्या बंद झाल्या.

त्या गडबडीत तुमच्या गटाचे सत्र सुरू झाल्याची घोषणा झाली होती. तुम्ही ती ऐकलीत, गाड्या बाहेर पडताना पाहिल्यात, आणि जॅकच्या बाजूलाच बसून राहिलात. मी जाण्याचा आग्रह केला तेव्हा तुम्ही उलट मलाच बजावलेत की दुपारी मी ट्रॅकवर उतरायचे नाही. सरळ पट्ट्यावर डाव्या पायाने पेडल हलकेच दाबून पॅड आधीच जागेवर आणायची युक्ती अनेकांना ठाऊक असते, आणि बेअरिंग ठणठणीत असतानाही हब थोडा लवचिक असल्याने ती उपयोगी पडते. पण प्ले आलेले चाक तसेच दामटण्यासाठी ती वापरणे म्हणजे मोडलेल्या पायावर कुबडी घेऊन धावणे, असे तुम्ही म्हणालात. अशी गाडी घेऊन मला ट्रॅकवर जाऊ देणे तुम्हाला सहज शक्य होते, कारण मी विचारले असते तर युक्ती सांगूनही उपकारच झाले असते.

बसल्या बसल्या तुम्ही आणखी जे सांगितलेत त्यातले काही मी येथे नोंदवते, इतरांच्या उपयोगासाठी. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर आधी पॅडकडे पाहावे, कारण आपल्या मर्यादेपलीकडे तापलेला पॅड डिस्कला पकडत नाही. मात्र खडबडीत जागी पेडलवर एकदम पाय आदळल्यावर तसे झाले, तर एबीएसची, म्हणजे चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, गल्लत असू शकते. उभ्या गाडीत पेडल एकसारखे दाबून धरले असता ते हळूहळू खाली सरकत असेल आणि बाहेर कुठे गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरचे सील तपासावे. ब्रेक मारताना स्टीयरिंग थरथरले की लोक डिस्क वाकली म्हणून मोकळे होतात, पण पुष्कळदा पॅडचा थर डिस्कवर कमीजास्त बसलेला असतो. आणि उष्णतेचा अंदाज नाकाने घेण्यापेक्षा डिस्कच्या कडेला ठरावीक उष्णतेला पालटणारे रंग लावावेत. हिरवा 430 अंशांना, नारिंगी 560 ला आणि लाल 610 ला पालटतो, म्हणजे वाद राहत नाही. या वाक्यांपैकी प्रत्येकात आधी काय घडते ते आहे आणि सुटे भाग नंतर येतात, हे मला विशेष वाटले.

तुम्ही माझे कोणी नव्हता. ट्रॅकवर येणारी माणसे मोजक्या वेळासाठी धडपडत असतात, आणि तरीही कुणी टॉर्क रेंच देते, कुणी जॅक देते, कुणी अनोळखी गाडीच्या चाकाचे नट आपल्या मनाने पुन्हा एकदा तपासते. स्पर्धेच्या जागी हा भलेपणा टिकून आहे याचे मला नवल वाटते, आणि पैसे घेऊन काम करणाऱ्यांकडे तो का नसावा, याचा थोडा रागही येतो. जाणकारीची तर त्यांच्याकडेही वाण नव्हती. ऐकून घेण्याइतका धीर मात्र नव्हता, आणि उत्तर माहीत नाही असे म्हणण्याची तयारी तर नव्हतीच.

आता एक काम उरले आहे, आणि त्यासाठी पुन्हा तुम्हालाच त्रास द्यावा लागेल. काढलेले जुने पॅड मी जपून ठेवले असून प्रत्येकावर बाजू आणि आतला-बाहेरचा असे लिहिले आहे. डाव्या पुढच्या चाकाचे दोन्ही पॅड तिरके झिजलेले आहेत. ते बेअरिंगच्या प्लेमुळे की भाराखाली कॅलिपर थोडा उघडतो म्हणून, हे मला ठरवता येत नाही. नव्या पॅडची जाडी दोन्ही टोकांना मोजून लिहून ठेवली आहे. पुढच्या वेळी सत्रांनंतर पुन्हा मोजीन, आणि झीज तरीही तिरकी निघाली तर दोन्ही जोड घेऊन तुमच्याकडे येईन, तुमचे सत्र संपल्यावर.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमची कृतज्ञ