चित्रातला मजकूर शोधात सापडत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिनाभरात आमच्या बचत गटाला तीन फोन आले. तिन्ही वेळा बोलणं तेच : ‘मॅडम, तुमची वेबसाइट तीस दिवसांत गूगलवर पहिल्या नंबरला आणून देतो. आज पैसे भरले तर सूट.’ समुद्रपूर तालुक्यातल्या इतर गटांनाही असे फोन येताहेत, म्हणून हे पत्र. दोन वर्षांपूर्वी अशाच एका फोनवर विश्वास ठेवून आम्ही दहा जणींनी १८ हजार रुपये भरले होते. हळद दळून, पुड्या भरून गाठीला बांधलेले पैसे होते ते.

आम्ही वायगावची हळद विकतो. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाची सरकारदरबारी नोंदलेली ओळख) मिळालं, तेव्हा वाटलं, आता गिऱ्हाईक नाव विचारत येईल. पण गूगलवर ‘वायगाव हळद’ टाकलं की आमचा कुठेच पत्ता नसायचा. पैसे भरल्यावर सहा महिन्यांनी कंपनीचा अहवाल आला : २०० कीवर्ड (लोक शोधताना टाइप करतात ते शब्द) टाकले, ३०० लिंका (दुसऱ्या वेबसाइटवरून आमच्याकडे येणारे दुवे) जोडल्या. फोन मात्र एकही वाढला नाही.

दिवाळीत माझा भाचा नागपूरहून आला. तो संगणकाचं शिकतो. त्यानं माझ्याच मोबाइलवर आमची वेबसाइट उघडली आणि म्हणाला, ‘मावशी, या अक्षरांवर बोट दाबून धर.’ मी धरलं. एकही अक्षर निवडलं गेलं नाही, अख्खं चित्रच उचललं गेलं. तेव्हा उलगडा झाला. पुडीवरच्या लेबलाचा मजकूर आम्ही डीटीपीवाल्याकडून कृतिदेवमध्ये टाइप करून घेतला होता. वेबसाइट करणाऱ्यानं तो पोस्टरसारखा, चित्र म्हणूनच चढवला. ‘वायगाव हळद’ हे दोन शब्द आम्हाला डोळ्यांनी दिसत होते, पण पानात ते लिहिलेलेच नव्हते. मूळ फाइलमधला मजकूर भाच्यानं कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला, तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी आली. कृतिदेव हा जुना फॉन्ट, त्यात आत इंग्रजी अक्षरं आणि वरून मराठी मुखवटा. मोबाइलवर आपण रोज लिहितो ते युनिकोड, आणि गूगलला मराठी म्हणून तेच वाचता येतं. माझ्या बहिणींनो, ही बोट दाबायची परीक्षा आजच करून पाहा. त्याला एक पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट शीर्षकाची. गूगलच्या निकालात वर जी ठळक ओळ दिसते, ती बहुतेक वेळा पानाच्या शीर्षकातूनच घेतलेली असते. आमच्या पाचही पानांचं शीर्षक एकच होतं, ‘होम’. आता ‘वायगाव हळद पावडर, समुद्रपूर तालुका, वर्धा’ असं प्रत्येक पानाला वेगळं शीर्षक आहे. तालुका लिहिणं आम्हाला तर फारच गरजेचं, कारण वर्ध्याजवळ दुसरं एक वायगाव आहे, वायगाव निपाणी, आणि बाहेरचा माणूस हमखास गोंधळतो. फोटोही मोबाइलमधून काढले तसेच, प्रत्येकी चार-पाच एमबीचे होते. शेतातल्या नेटवर पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक निघून जाई. ते लहान केले, आणि प्रत्येक फोटोला ‘शिजवून वाळत घातलेली हळकुंडं’ असं साध्या शब्दांत वर्णन दिलं.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो लिहिण्याचा. फोनवर लोक काय विचारतात? पॉलिश करताना रंग मारता का? पाच किलो ओल्या हळदीची वाळून किती होते? (आमच्याकडे जेमतेम एक किलो.) हळद शिजवून घेता की नाही? ही उत्तरं मी रात्री बसून, आम्ही बोलतो तशीच लिहून काढली. गूगलचं सर्च कन्सोल फुकट आहे. लोक काय टाइप करून आपल्यापर्यंत आले ते त्यात दिसतं. आमच्या यादीत ‘लोणच्यासाठी ओली हळद’ निघालं! आम्ही ओली हळद विकण्याचा विचारही केला नव्हता. यंदा खोदणीच्या वेळी ती वेगळी काढून ठेवली.

आता त्या अहवालाचं. कीवर्ड ज्या छुप्या टॅगमध्ये (पानाच्या कोडमधल्या, वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या जागेत) भरले होते, तो टॅग क्रमवारीसाठी वापरला जात नाही, असं गूगलनं २००९ सालीच जाहीर केलं आहे. लिंका होत्या परदेशी जुगाराच्या आणि फर्निचरच्या पानांवरून. क्रमवारीसाठी विकत घेतलेल्या लिंका गूगलच्या नियमांत बसत नाहीत. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हेही गूगल स्वतः सांगतं. जाहिरातीला पैसे दिले तर जाहिरात दिसते, पण खालच्या साध्या निकालात त्यानं आपला नंबर चढत नाही. केलेल्या कामाचा परिणाम दिसायला आठवडे, कधी महिने जातात. आम्हालाच पाच महिने लागले. आज आम्ही कधी पहिल्या पानाच्या तळाशी, कधी दुसऱ्या पानावर असतो. या मोसमात पुण्याला अकरा पार्सलं गेली, तीही अनोळखी घरांत.

माझ्या दोन मागण्या आहेत. बचत गटांच्या प्रशिक्षणात आम्हाला पॅकिंग शिकवतात, लेबल शिकवतात. त्यातच अर्धा दिवस याला द्या, म्हणजे बाया फोनवरच्या भूलथापांना फसणार नाहीत.

दुसरी मागणी सरकारी कार्यालयांकडे. एका कार्यालयाच्या संकेतस्थळावर हळद उत्पादक गटांची यादी आहे, तीत आमच्या गटाचंही नाव आहे. पण ती शिक्का मारलेल्या कागदाची तिरपी स्कॅन प्रत आहे. आमचंच नाव आम्ही त्यात शोधलं, तर सापडलं नाही. ती यादी युनिकोड मराठीत टाइप करा आणि प्रत्येक गटाच्या नावाला त्याच्या वेबसाइटची लिंक द्या. सरकारी पानावरून आलेली अशी एक खरी लिंक आम्हाला त्या ३०० लिंकांपेक्षा मोलाची आहे. टाइप करायला माणूस नसेल, तर आमच्या गटातल्या दोघी मोबाइलवर मराठी टाइप करतात. आम्ही एका दिवसात करून देऊ.

आपली,
एक हळद उत्पादक महिला,
ता. समुद्रपूर, जि. वर्धा